भातात बुडालेला ससा

भिंगारच्या घरी आमच्याकडे एक खोलगट बशी होती. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांच्या बाईंनी ती आईला दिलेली. पांढऱ्यावर निळा ससा, कान उभे, डोक्यावर ढगाचं एक वेटोळं. आई तिच्यात वरणभात कालवून मला भरवायची. चिऊचा घास, काऊचा घास झाला की म्हणायची, ससा भातात बुडालाय, खाल्लंस तर वर येईल. मी मुलखाची हट्टी, पण त्या सशापायी जेवायचे. आधी कान निघायचे, मग डोळा. तोवर मला पेंग यायची आणि ससा हळूच ढगावर चढायचा. तो चढायचा, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आई आता माझ्याकडेच असते आणि त्याच बशीत जेवायची. मध्यंतरी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचा अभ्यास करते. बशी बघता बघता तिचा चहा गार झाला. ही जपानातली, तिथल्या चिनी मातीच्या अगदी सुरुवातीच्या कामातली, चारेकशे वर्षांची असावी, म्हणाली. बशी उलटी करून तिने बुडाशी झिलई न लागलेले डाग दाखवले. झिलईच्या पातळ लेपात बुडवताना कारागिराने जिथे धरली, तिथे त्याची बोटं उमटली होती. मी माझी बोटं त्यांवर टेकवून पाहिली.

झालं, माझं डोकं फिरलं. बशी मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, वर कुलूप. आईला स्टीलची ताटली.

आई नव्वदीला टेकलीय, माणसं विसरते. ताटली पुढे आली की तोंड फिरवायला लागली. तीन दिवस नुसतं दोन-दोन घोट दूध. मी चिडले, तिच्यावर ओरडले, मग मोरीत जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत जेवल्या नाहीत तर दवाखान्यात आणा. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना.

चौथ्या दिवशी दुपारी तिने ताटलीतला भात बोटाने बाजूला सारला. खाली बघत राहिली.

"ससा कुठं गेला गं?"

मी उठले. कुलूप काढलं, फडकं सोडलं. बशीत वरणभात वाढला, तूप घातलं, तिच्यापुढे ठेवला. तिने नीट कालवला, घास केला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"खा बाळ. बुडालाय तो."

साठीची मी, मुकाट्याने खाल्ला. पुढचा मी तिला भरवला. एक तिचा, एक माझा. कान वर आले तशी ती हसली आणि उरलेला भात आपल्या हाताने खाऊ लागली.