एका ओहोटीचं माहेर

आमची ठमाकाकी थळच्या कोळीवाड्यातली. तिचा एक नियम होता. मुलगी द्यायची ती एका ओहोटीच्या अंतरावर. ओहोटीला होडी सोडावी, लेकीच्या हातचा भात जेवावा आणि भरतीबरोबर घरी यावं. थोरली नलू तिने म्हणूनच मांडव्याला दिली.

सन छत्तीसच्या फाल्गुनात गावातलाच कान्हा धाकट्या राहीला मागणी घालायला आला. तो सिंगापूरच्या बंदरात कामाला होता. राहीच्या मनात तो होता, हे सगळ्यांना ठाऊक. काकीला नको होतं ते त्याचं सिंगापूर.

"किती लांब रं तुझं शिंगापूर?"

"मावशी, मुंबई बेट, तेही बेटच. मधे अडीच हजार मैल. बोटीला दहा-बारा दिवस. आता विमान निघालंय, ते उतरत उतरत पाचव्या दिवशी पोचतं."

"नि वाटेत वारा पडला म्हंजे? वल्ही कोण मारनार, तू?"

"त्याला शीड नसतं, मावशी."

"शीड न्हाय, वल्हं न्हाय, नि माजी पोर त्यात बसवतोस? सुकी मासळी तरी नेऊ देतात का?"

कान्हा हसला. "तेवढं विचारलं न्हाय."

"मग इचारून ये!"

राही चुलीपाशी बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आये, ताई एका ओहोटीवर हाय. दोन वर्सं झाली. आली का?"

नलूची सासू तिला सणालाही धाडत नव्हती, आणि काकी 'कामं असतील' म्हणून तो विषय बाजूला सारायची. आता मात्र ती उठली आणि देव्हाऱ्यातला नारळ घेऊन कान्ह्याच्या हातात ठेवला.

"देवीसमोर सांग. तिसऱ्या वर्साला नारळी पुनवेला पोर माझ्या दारात. बोटीनं धाड, इमानानं धाड, तुजं तू बघ. पन धाडशील?"

"धाडीन," कान्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला काकी मला घेऊन मांडव्याला गेली. नलूच्या सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला. काकी उंबऱ्यातच उभी. "पानी मागनं पिईन. धाकटीचं लगीन हाय, आधी थोरली द्या." भरतीला होडी सुटली तेव्हा नलू आमच्यात बसलेली होती. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले.

तिसऱ्या श्रावणात राही आली. सिंगापूरहून मुंबईला आगबोटीने; पण पुनवेचा नारळ पाण्यात पडेपर्यंत आमचा दर्या बंद, म्हणून पुढे पनवेल-पेण करत मोटारीने, हाडं खिळखिळी होऊन. नलू आदल्या दिवशीच आली होती. आता तिला आणायला काकीला जावं लागत नसे.

"इमानानं का न्हाय आलीस गो?" काकीने तिची अलाबला घेत विचारलं.

"कान्ह्यानं इचारलं, आये. सुकी मासळी न्हेऊ देत न्हाईत."

"बघ! मी बोलले व्हते," काकी म्हणाली, आणि दोघी लेकींच्या हातात नारळाचं ताट देऊन दर्याकडे पुढे चालू लागली.