मरीमायच्या टेकडीवरचे रोडगे

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. जळगाव जामोदकडच्या एका नदीवर धरण झालं, कडूबा भोयाचं गाव पाण्याखाली गेलं आणि मरीमायची टेकडी तेवढी बेट होऊन वर राहिली. टेकडीवर एक रोही अडकली. पोटुशी नीलगाय ती, पोहणार कशी? बाकीचे नव्या वस्तीत रमले. कडूबा कुठला रमतो! रोज डोंगा वल्हवत जाऊन तिला लांबून बघून यायचा. "आपल्या गावातलं आता तेवढंच राह्यलं," असं बायकोला, बनाबाईला सांगायचा. रोही सुखरूप सुटली तर मायले रोडगे वाहीन, असं तो बोलून बसला.

चैत्रात पिल्लू झालं. जळगावच्या शाळेतले मोतीराम गुरुजी, रानातल्या जनावरांचे मोठे शौकीन, दुर्बीण गळ्यात घालून डोंग्यात बसले. लटपटत्या पायांचं ते पिल्लू बघून गुरुजींचे डोळे भरून आले. कडूबानं गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, मायला नैवेद्य दाखवला.

निघताना गुरुजी म्हणाले, "कडूबा, विस्तवावर पाणी टाका. गवत वाळलंय."

"मायचा विस्तव इझवत नसतात गुरुजी. तो आपल्यानंच थंडा होते."

त्याच्या घराण्याची रीतच होती ती. पण गाव होतं तेव्हा गुरं टेकडी चरून साफ करायची. आता गवत कमरेएवढं झालेलं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं वर राख लोटली. देवाच्या कामात दोनदा कोण बोलणार, म्हणून गुरुजीही गप्प बसले.

डोंगा निम्म्यात आला आणि दुपारचा वारा सुटला. मागं बघतात तो धूर. कडूबानं डोंगा वळवला, तळहात सोलून निघेस्तोवर वल्हं मारलं. पोचेपर्यंत सगळी टेकडी काळी झाली होती. रोही पोहून पलीकडं निघाली होती. पिल्लू मायच्या दगडाआड सापडलं, गेलेलं.

त्यानंतर कडूबाचं अन्नावरचं मन उडालं. "देवाचं होतं, देवानं नेलं," बनाबाई समजावायची. त्याला ते पटेना. मायवर ढकलून सुटायचं त्याला जमत नव्हतं.

आठ दिवसांनी गुरुजी आले. "मीच हट्ट धरायला हवा होता," म्हणाले.

कडूबा काठावर बसला होता. त्यानं ओंजळभर पाणी उचललं.

"चहूकडं पानी होतं गुरुजी. म्या एक ओंजय टाकली नाही."