उपाशीपोटी ऐकलेली साखर

रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर माणूस हात दुमडून, कापूस दाबून पाच मिनिटं बसतो आणि त्या पाच मिनिटांत बोलतो. मी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन सॅम्पल घेतो. सकाळी सहा ते साडेनऊ, आठ-दहा घरं, त्यातली निम्मी तरी शुगरवाली. काढलेलं रक्त ट्यूबमध्ये भरतो, लेबल लावतो आणि लॅबला देऊन मोकळा होतो. ऐकलेलं मात्र कुठंच जमा करता येत नाही. चौदा वर्षांचं साठलंय. त्यातलं थोडं सांगतो, नावं तेवढी विचारू नका.

*

सिडकोत एक रिटायर्ड हेडक्लार्क राहतात. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "काका, उपाशी आहात ना?"

"कडक उपाशी. पाणीसुद्धा मोजून प्यालोय."

सुई लावणार तोच आतून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, खजुराचं सांगा त्यांना."

काकांनी सकाळी उठल्या उठल्या चार खजूर खाल्ले होते. त्यांनी मला मोबाईल दाखवला. त्यात एक माणूस खजुराच्या ढिगामागं बसून सांगत होता की ही नैसर्गिक साखर, हिचा शुगरशी काही संबंध नाही.

मी म्हटलं, "काका, साखर ती साखर. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी खजूर नव्हते, कोमट पाण्यात मध होता. तिसऱ्या दिवशी मी दारातच विचारलं, "आज काय घेतलंत?"

"डाळिंबाचा रस. पण घरी काढलाय."

"अहो काका, असं केलं तर रिपोर्ट चुकीचा येईल."

काकांनी माझ्याकडं बघितलं. ऑफिसात नवीन पोराला नियम समजावून सांगावा तसे म्हणाले, "कसा येईल? नैसर्गिक साखर रिपोर्टात दिसतच नाही. म्हणून तर खातोय."

*

एक मॅडम आहेत, शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचा व्हिडिओंवर काडीचा विश्वास नाही. "मी फक्त परदेशातल्या विद्यापीठांच्या साइट वाचते," असं म्हणाल्या तेव्हा मला बरं वाटलं. चला, एक तरी घर शहाणं निघालं.

चार महिन्यांनी गेलो तर मॅडम ओळखू येईनात, इतक्या वाळल्या होत्या. शुगर चांगली होती, पण जिना चढताना भिंत धरत होत्या. जेवता काय, असं विचारलं. ओट्स, ब्रोकोली, उकडलेली अंडी. यादीतला सामन मासा इथं मिळत नाही म्हणून तेवढा सोडलेला. किनवा नावाचं परदेशी धान्य शोधत गुलमंडीवर चार दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानदारानं हात जोडून विचारलं, "बाजी, ये मसाला है के दवा, पहले वो बोलो."

"आणि भाकरी?" मी म्हणालो.

"यादीत ज्वारी नाही ना. नाही म्हणजे चालत नसणार."

स्वयंपाकघराच्या दाराशी दिरांच्या शेतातल्या ज्वारीची दोन पोती उभी होती. मी म्हटलं, "मॅडम, ज्यांनी यादी केली त्यांच्याकडं भाकरी खात नसतील. त्यांना कुठून माहीत असणार? आपल्या डॉक्टरांना विचारा, किती भाकरी चालते ते."

त्यांनी एकदा पोत्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असं कसं? विद्यापीठ आहे ते."

*

एका घरात फ्रीजवर मोठा तक्ता लावलाय. डाव्या बाजूला 'खायचं', उजव्या बाजूला 'खायचं नाही'. मुलगा, सून आणि लेक, तिघं आपापल्या मोबाईलवरून त्यात भर घालतात. केळं दोन्हीकडं आहे. भात दोन्हीकडं आहे. शेंगदाणे डावीकडं दोनदा आणि उजवीकडं एकदा आहेत.

मी आजोबांना विचारलं, "मग तुम्ही खाता काय?"

"पोरं भांडत बसतात," आजोबा म्हणाले, "तवर मी जेवून घेतो."

*

आता हे ऐका. क्रांती चौकातल्या एका दुकानदाराची शुगर मी दर महिन्याला तपासायचो. एका महिन्यात दोनशे साठ, पुढच्या महिन्यात दोनशे दहा. बरं चाललंय म्हणावं तर तिसऱ्या महिन्यात दोनशे ऐंशी. मग परत कमी, परत जास्त. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या. माणूस प्रामाणिक होता, पथ्य पाळत होता, रोज चालत होता. वहिनी तर त्याच्या ताटावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायच्या.

एकदा लॅबमधून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी योगायोगानं शेजारच्याच घरी होतो. रिपोर्ट समजावून सांगावा म्हणून त्यांच्याकडं डोकावलो. शुगर दोनशेच्या खाली आली होती. वहिनींनी रिपोर्ट वाचला, आत गेल्या आणि वाटीत साखर घेऊन आल्या.

"घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीन चमचे."

मी उडालोच. "वहिनी, हे काय करताय?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. पान एका चांगल्या दवाखान्याचं होतं, स्वच्छ मराठीत लिहिलेलं, एक अक्षर चुकीचं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'रक्तातील साखर कमी झाल्यास रुग्णाला ताबडतोब तीन चमचे साखर द्यावी.'

"पयल्या खेपेला साखर दोनशे साठवरनं दोनशे दहा झाली," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कमीच झाली का नाय? तवापासनं कमी झाली की मी दिवसातनं दोनदा देते. वाढली की बंद करते."

सत्तरच्या खाली गेली तर, हे खालच्या ओळीत होतं. त्या ओळीपर्यंत त्या कधी गेल्याच नव्हत्या. दुकानदार वाटीकडं बघत म्हणाला, "मला वाटायचं, हिला एवढं पथ्य जमतं, मग मधूनच लाड कशाला करती."

*

लोकांचे किस्से सांगताना मी हसतो. माझ्या बाबांच्या वेळी हसू आलं नाही.

बाबा पैठणला असतात, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. एके दिवशी आईचा फोन आला. यांनी दोन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्यात आणि कसली तरी पावडर घेतायत. मी तसाच पैठणला गेलो आणि त्यांचं रक्त घेतलं. तीनशे अडुसष्ट. कुणी एक 'सर' मोबाईलवर सांगतात की माझी पावडर घ्या, गोळ्यांची गरजच पडणार नाही.

"बाबा, मी रोज हेच काम करतो. माझं ऐका."

"तू रक्त काढतो. सर अभ्यास करतेत. लाखो लोक बघतेत त्यांना, सगळे येडे हायेत व्हय?"

मी चांगले डॉक्टर मराठीत बोलतात असे दोन व्हिडिओ शोधून दिले. बाबांनी बघणाऱ्यांचा आकडा वाचला आणि फोन परत दिला. "ह्यांला कुत्रं इचारत नाय."

पंधरा दिवसांनी एका नव्या पत्त्यावर सॅम्पलला गेलो. दार उघडून आत गेलो आणि हिरवा पडदा दिसला. त्याच्यापुढं लाकडी कपाट, बाजूला स्टँडवर गोल लाईट. खुर्चीत बाबांच्या मोबाईलवरचे सर बसले होते.

मी दंडाला पट्टा बांधला. "उपाशी आहात ना?"

"हो. इन्सुलिन पण रात्रीचं घेतलेलं, आत्ताचं अजून नाही."

"किती वर्षांपासून घेता?"

"झाली सहा-सात."

चौदा वर्षांत माझी शीर क्वचितच चुकलीय. त्या दिवशी चुकली. दुसऱ्यांदा सुई लावली, रक्त घेतलं, कापूस दिला आणि मग मला राहवलं नाही. "सर, तुमचं ऐकून माझ्या वडिलांनी गोळ्या सोडल्यात. तीनशे अडुसष्ट आलीय."

त्यांनी कापूस दाबून धरला. "गोळ्या बंद करा असं मी कुठंच म्हणत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "गरज पडणार नाही, एवढंच म्हणतो."

"मग बंद करू नका, एवढं त्यांना सांगा."

मी माझ्या फोनवरून बाबांना लावला आणि सरांपुढं धरला. त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. मग नीट सांगितलं, अगदी व्हिडिओतल्या आवाजात. काका, गोळ्या चालू करा. डॉक्टरांना दाखवा. मी स्वतः इन्सुलिन घेतो. पलीकडून बाबा फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी मी लॅबमध्ये असताना बाबांचा फोन आला.

"संतोष, लई हुबेहूब आवाज काढला रं गड्यानं. कुठनं धरून आणलास?"

"बाबा, ते खरंच सर होते."

"मला येड्यात काढू नको. सर इन्सुलिन घेतेल व्हय?" मग म्हणाले, "पर त्यो जो कोण व्हता, माणूस सरळ वाटला. उगं पावडर इकायच्या गोष्टी केल्या नाय. असल्याचं ऐकावं माणसानं. तुझी आई देवळात गेलीय. तिनं माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यात, तुला ठावं हाय का?"