मी तिला सांगितलेली वेळ

शारजातल्या एका भारतीय शाळेत मी इंग्रजी शिकवते. अकरावीला दर वर्षी एक ग्रीक शोकांतिका शिकवायची असते. दोन भाऊ लढाईत एकमेकांना मारतात. राजा एकाला मानाने पुरतो आणि दुसऱ्याचं प्रेत कावळ्या-कुत्र्यांसाठी उघड्यावर टाकायला सांगतो. जो कोणी त्याला माती देईल, त्याला मरण. या मेलेल्या भावाला दोन बहिणी असतात. एक जाऊन मूठभर माती टाकते आणि त्यापायी मरते. दुसरी म्हणते, आपण बायका, राजापुढे आपलं काय चालणार? हा भाग मी फार रंगवून शिकवायचे. शोक करणं हा माणसाचा हक्क आहे, तो कोणालाही हिरावून घेता येत नाही, असं मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं पेपरात ते जसंच्या तसं उतरवायची.

एकदा एका मुलीने विचारलं, "मॅम, विच सिस्टर वुड यू बी?"

मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "पहिली." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ गेला.

दुबईत अल क्वोजमधल्या एका ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये तो सुपरवायझर होता. वय त्रेचाळीस. रोल्लाला एका खोलीत राहायचा, सात वर्षं एका फिलिपिनो बाईबरोबर. ती बेकरीत केक सजवायचं काम करायची. पुण्याला आईने आणि दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, तिचा विषयच घरात काढायचा नाही असं ठरवलं होतं. "आई जरा मऊ होऊ दे, मग लग्न करतो," असं म्हणत धाकटा थांबला होता. मी अल मजाजला, त्यांच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर. तरी सात वर्षांत तिला तीनदा भेटले. माझ्याशी इंग्रजीत बोलायची, पण हाक मारायची "ताई" म्हणून. भावाने तेवढं शिकवलं होतं. वरणाला फोडणी द्यायलाही शिकवलं होतं. ते वरण माझ्यापेक्षा बरं व्हायचं, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

दुपारी डबा खाताखाता तो कोसळला. मी आणि नवरा हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. ती आमच्या आधीच येऊन बाहेरच्या खुर्चीवर बसली होती, अंगात बेकरीचा ॲप्रन, बोटांना वाळलेलं क्रीम. काउंटरवर नातं विचारलं तेव्हा ती "फ्रेंड" म्हणाली होती, म्हणून तिला आत सोडलं नव्हतं. मी "सिस्टर" म्हटलं आणि मला लगेच सोडलं. तिने माझा हात धरला.

"ताई, मलाही घेऊन जा."

"थांब हं, विचारते," मी म्हटलं. आत गेल्यावर मी कोणालाच विचारलं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "त्याला इकडे आणायचं. कागद मी मेल करतो, सह्या तू कर. आणि एक ऐक. ती बाई त्याच्या आसपास दिसता कामा नये. कोणी फोटो काढला आणि आईपर्यंत पोचला, तर आई हाय खाईल."

"दादा, सात वर्षं ती त्याच्या..."

"तुला आई हवीय की ती?"

नवरा शेजारीच बसला होता. म्हणाला, "घरचा निर्णय आहे, तू मध्ये पडू नकोस. खलास."

मी हो म्हटलं. यात धाक होता असंही म्हणता येत नाही. मला कोणी मरणाची शिक्षा देणार नव्हतं. दादा फार तर सहा महिने माझ्याशी बोलला नसता.

तिसऱ्या दिवशी कागद पूर्ण झाले. कंपनीच्या माणसाने कळवलं, एक वाजता शवागारात शेवटचं दर्शन, मग पेटी थेट एअरपोर्टला. सकाळीच तिचा फोन आला. "ताई, किती वाजता? मला फक्त चेहरा बघायचाय. मी मागे उभी राहीन, कोणाशी बोलणार नाही."

मी म्हटलं, "चार वाजता ये."

एक वाजता आम्ही पाच जण होतो. मी, नवरा आणि वर्कशॉपचे तिघे. त्यातला एक म्हातारा पठाण वेल्डर भिंतीला डोकं टेकवून हमसून रडला. मला रडू आलं नाही. माझं लक्ष सारखं दाराकडे होतं. पाच मिनिटांत पेटी बंद झाली.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आम्ही एअरपोर्टवर होतो.

"ताई, इथे कोणीच नाही."

"अचानक फ्लाइट बदलली," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मी त्याचा निळा शर्ट आणलाय. इस्त्री करून."

मी फोन ठेवला.

पुण्यात पेटी उघडली तेव्हा आईने त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडाला हात लावला. "हे काय गुंडाळलंय गं याला? त्याचा स्वतःचा एक शर्ट मिळाला नाही तुला?"

दादा माझ्याकडे बघत होता.

"घाईत राहून गेलं, आई."

"तिथे याच्यासाठी रडणारं कोणी होतं का?"

"आम्ही होतो ना," मी म्हटलं.

त्या ग्रीक नाटकात राजाचं घर एका दिवसात बसतं. मुलगा जीव देतो, त्यामागोमाग राजाची बायको. मृताचा अपमान करणाऱ्याला देव सोडत नाहीत, असं मी वर्गात सांगायचे. आम्हाला सोडलं. दादाच्या मुलीचं लग्न थाटात झालं. मला विभागप्रमुख केलं. आईला आता विसर पडतो, धाकट्याचा फोन का येत नाही म्हणून ती अधूनमधून रुसते. नाटक मी अजून शिकवते, आणि चांगलं शिकवते.

पाच महिन्यांनी एका रविवारी मी रोल्लाला तिच्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"येस, मॅम?" ती म्हणाली.

"मी तुला वेळ खोटी सांगितली होती."

"मला माहीत आहे, मॅम."

माफी मागायची वाक्यं मी गाडीत जुळवून ठेवली होती. ती तशीच राहिली. तीच म्हणाली, "त्याची राख कुठे आहे?"

"नदीत सोडली. दादाने. आळंदीला."

"नदीचं नाव काय?"

"इंद्रायणी."

ती आत जाऊन केकच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पेन घेऊन आली. "इंद्रा... यानी?"

"णी," मी म्हटलं. "इंद्रायणी."

तिने पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा चुकलं. मी पुन्हा सुधारलं. मग तिने ते इंग्रजी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि दार लावलं.