आबांच्या फेट्याच्या मापाचा रोल बार

मंडळी, आज मी लय जळलोय. खोटं कशाला बोलू?

धाकट्या भावानं विट्यात, घरच्या अंगणात, त्याच्या स्पोर्ट्स कारला रोल बार बसवला. गाडी १९४०च्या दशकातली, दोन सीटची. उलटली तर डोकी वाचावीत म्हणून सीटमागं ही लोखंडी कमान.

उंचीच्या मापाला आमच्या वडलांना, आबांना बसवलं. फेट्यासकट! वेल्डिंग झालं, कमान उंच झाली आणि गाडीचा वरचा कापडी टप लागंना. मी मनातनं खूश. म्हटलं, "काप रं वीतभर!"

"नगं दादा. टप खाली आला तर आबांना फेटा काढावा लागंल. ऱ्हाऊ दे बिनटपाची."

माझ्या गाडीत आबा कायम फेटा मांडीवर घेऊन बसतात. तुमच्या गाडीत कसे बसतात ओ?