खोट्या माराचा मास्तर

टायरचं पंक्चर काढणारा हा माणूस पूर्वी माणसं पंक्चर करायचा, असं गल्लीत थट्टेनं म्हणत, आणि तो आसपास नसतानाच म्हणत. हातोडा हे त्याचं टोपणनाव त्या काळातलं. एका ठेकेदारासाठी तो जागा रिकाम्या करून द्यायचा. भाडेकरू हटत नसला की हातोड्याला पाठवायचं, मग बिऱ्हाडं आपोआप हलत. त्याने गुडघे फोडले, बोटं मोडली, एका म्हाताऱ्याला त्याच्याच जिन्यावरून खाली ढकललं. एवढं करून गडी एका गोष्टीचा ताठा मिरवायचा: घरात आपण बायकोवर किंवा लेकीवर कधी बोटही उगारलं नाही. जसं काही त्या म्हाताऱ्याला घरच नव्हतं.

बायकोचा या ताठ्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाहेरचा हात घरात शिरायला वेळ लागत नाही, असं म्हणून ती लेकीला घेऊन भावाकडे निघून गेली. हातोड्याने तुरुंगाची हवा खाल्ली, ठेकेदाराचं काम सोडलं, पंक्चरचं दुकान टाकलं, तेव्हा ती परतली. पण अट घालून. पुन्हा कुणावर हात टाकलास तर आम्ही दोघी गेलोच म्हणून समज. त्याने निमूट मान डोलावली. लेक दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

मास्तर तो झाला तो अपघातानेच. वस्तीमागच्या तळ्याकाठी युवा मंडळाची खोली होती. चित्रकलेच्या बाई मंडळ चालवत. पोरं तिथे ड्रम बडवत, भिंती रंगवत, नाटकं बसवत, आणि सुट्टीच्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उतरून तळ्यातल्या बाटल्या, चिंध्या, फुटक्या बादल्या बाहेर ओढत. बाईंची स्कूटर पंक्चर झाली म्हणून त्या दुकानात आल्या आणि चाक निघेपर्यंत आपलं रडगाणं गाऊ लागल्या. नाटकात मारामारी आहे, पण पोरं मारतात ती माश्या हाकलल्यासारखी. खोटं मारायचं कसं, हे कुणी शिकवेल का? हातोडा पहिल्यांदा हसला. खऱ्याचा अनुभव आहे, म्हणाला, खोट्याचं बघू.

आणि बघता बघता तो त्यात रमला. काठी पूर्ण जोराने आणायची आणि डोक्यापासून चार बोटांवर रोखायची. त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्याने स्वतःच्या मांडीवर थाप मारायची, बघणाऱ्याला वाटतं कवटीच फुटली. पण सगळी मदार मार खाणाऱ्यावर. तो बिचकला, मान वळवली, की अंदाज चुकलाच आणि खरंच लागलं. म्हणून हातोड्याचा नियम एकच: हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, काठी थांबणार आहे. आपण मारलेली माणसं उठून हसतात, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याला त्याचं वेडच लागलं. सगळ्यांत पक्की तयार झाली त्याची लेक, तीही मंडळात येऊ लागली होती. काठी वाऱ्यासारखी यायची आणि ही पापणी हलवत नसे. शेजारून बायको बघायची, तिच्याही तोंडावर हसू यायचं. घर हळूहळू घरासारखं वाटू लागलं होतं, आणि हातोड्याला त्याखेरीज काही नको होतं.

मग ठेकेदाराची नजर तळ्यावर गेली. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ट्रक भरभरून तिथे ओतायचा, तळं बुजवायचं, वर गाळे बांधायचे, असा त्याचा बेत. मंडळाने त्यावरच नाटक बसवलं. नाटकात ठेकेदाराचा गुंड काठी उगारतो आणि लेक काठावर उभी राहून म्हणते, "आधी माझ्यावर ओता." प्रयोग तळ्यावरच ठेवला. पोरांनी तोंडं निळी-हिरवी रंगवली, ड्रम लावले, वस्ती जमली. नाटक अर्ध्यावर आलं आणि खरे ट्रक आले.

ट्रकमागून माणसं उतरली, हातात पाइप आणि काठ्या. पुढे बारक्या. हा बारक्या हातोड्याचाच जुना चेला, एकेकाळी त्याच्या घरी दोन वेळा जेवलेला. मारायला त्याला हातोड्यानेच शिकवलं होतं: हात मध्येच आखडायचा नाही, आणि समोरचा पडला की वर दोन जास्त हाणायचे. गुंड तुटून पडले. पोरं सवयीने वार लागायच्या आधीच धडाधड कोसळली, आणि गुंडांना क्षणभर कळेना की आपण मारलं की नाही. त्यात काही वाचली. एका ड्रमवाल्याचे दात पाइपने आत गेले. बाईंचं मनगट बुटाखाली कडकन मोडलं.

लेक पहिल्या ट्रकसमोर उभी होती. तिने आपलं वाक्य म्हटलं. बारक्याने काठी उचलली. पळायला वेळ होता, वाकायला वेळ होता. हातोडा गर्दीतून ओरडत होता, "हट, बाजूला हट." पण तिच्या अंगात दुसरीच शिकवण भिनली होती. ती हलली नाही. डोळे उघडे ठेवून तिने काठी येऊ दिली.

काठी कानावर बसली. आवाज मांडीवरच्या थापेसारखा नव्हता, ओलं लाकूड फुटावं तसा होता. ती जागच्या जागी कोसळली, आणि गालावरच्या निळ्या रंगावरून रक्त उतरू लागलं.

हातोड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बारक्याचा हात काठीसकट पिरगाळला, कोपर उलटा वळेपर्यंत. नाकावर डोकं मारलं. बारक्या खाली पडला आणि तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "दादा, ओळखलं नाही रे तिला. तोंडाला रंग होता." बाकीचे गुंड हे पाहून मागे सरकले होते. पोरं उठून उभी राहत होती. सगळं संपलं होतं खरं तर.

लेकीला शुद्ध आली होती. ती कोपरावर उठून म्हणाली, "बाबा, पुरे. पडलाय तो."

हातोड्याने ते ऐकलं. ऐकून त्याने काठी उचलली आणि आणखी दोन हाणल्या, एक जबड्यावर, एक बरगड्यांवर. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगीच नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दोन त्याने लेकीसाठी हाणल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी हात मोकळा झाल्याचं सुख त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते तिने समोरून पाहिलं.

तळं वाचलं. एवढा रक्तपात झाल्यावर ठेकेदाराने ट्रक मागे घेतले. पोरांनी पडलेला राडारोडा घमेल्यांनी बाहेर काढला. बारक्या जगला, तो हात मात्र वाकडाच राहिला. लेकीचा डावा कान कायमचा गेला. खटला सुरू झाला, हातोडा जामिनावर सुटला, तर लोक त्याला दुकानात येऊन चहा पाजू लागले. बायकोनेही अट गुंडाळून ठेवली. पोटच्या पोरीसाठी उचललेला हात मोजायचा नसतो, म्हणाली. हातोड्याला वाटलं, आपण सुटलो.

एके दुपारी लेक स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाजी निवडत होती. तो आत आला आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवरून चहाचा डबा काढायला त्याने हात वर केला. तिने वर पाहिलं. त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली. भाजी सगळीकडे सांडली.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिने हात खाली घेतले नाहीत.

"माहीत आहे," ती म्हणाली.