बोटीवरची ग्रॅच्युइटी आणि आटपाडीचा खाऊ

क्रूझला जायचं कुणी ठरवलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. प्रमोद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो त्यानं ठरवलं. सासूबाई म्हणतात त्यांनी. माझ्या मते ते ठरवलं कऱ्हाडच्या ट्रॅव्हल एजंटनं. आम्ही गेलो होतो केरळची चौकशी करायला आणि बाहेर पडलो ते मुंबई–लक्षद्वीप–मुंबई बोटीचं चौघांचं बुकिंग करून.

एजंटचा मुख्य निशाणा होता आबांवर. आबा म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, आता पूर्णवेळ ऊस. बर्फ, वाळवंट, जंगल असं सगळं सरकारी खर्चानं बघून झालंय, समुद्र मात्र फक्त चौपाटीवरून. बुकिंग होत आलं तसं एजंट सहज म्हणाला, "आणि ग्रॅच्युइटी वेगळी बरं का."

आबा खुर्चीत सावरून बसले. "ती तर मला रिटायर झालो तवाच मिळाली. ही आणि कसली?"

"ही द्यायची असते आबा. बोटीवर जे वाढतात, खोली आवरतात, त्यांच्यासाठी."

"म्हंजी नोकरी त्यांनी करायची आन् ग्रॅच्युइटी मी द्यायची? मग पेन्शन कोण देणार? ती पण मीच?"

तुम्ही क्रूझचा विचार करत असाल तर हे आधीच समजून घ्या, आमच्यासारखं एजंटसमोर हसं करून घेऊ नका. जाहिरातीत दिसतं ते भाडं म्हणजे सुरुवात. त्यावर बंदराचे आकार, जीएसटी आणि ही ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. बऱ्याच बोटींवर ती माणशी, दर रात्रीच्या हिशेबानं आपोआप बिलात लागते. शिवाय शेवटच्या दिवशी आपल्या वेटरच्या हातात वेगळं पाकीट द्यायची पद्धत आहे. हे सगळं मी आठ-दहा ब्लॉग वाचून पाठ केलं होतं आणि गुलाबी पाकिटंही घेतली होती. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त पडते. आम्ही तीच घेतली, कारण आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं पडलं, "झोपल्यावर खिडकीतनं बघतंय कोण?"

पहाटे गाडी काढली. खंबाटकीच्या अलीकडे चहा, एक्स्प्रेस वेवर वडापाव, आणि दुपारी मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर. बोट बघून आई नुसत्या बघतच राहिल्या. "अगं बया, ही तर अख्खी कॉलनी हाय," एवढंच बोलल्या. आधार कार्ड हाताशी ठेवा, उलटीच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवा. आत गेल्यावर प्रत्येकाला एक कार्ड मिळतं आणि सगळी खरेदी त्यावरच होते. त्यामुळे खर्च केल्यासारखं वाटतच नाही, ते नंतर वाटतं.

संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये गेलो. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे इतके काटे-चमचे की मी शेजारच्या टेबलाकडे बघूनच सुरुवात केली. आमचा वेटर तिशी ओलांडलेला, काळासावळा, उंच. इंग्रजी झकास, हिंदी त्याहून झकास. छातीवरच्या पाटीवर इंग्रजीत नुसतं नाव, 'बिरा'. मला वाटलं उत्तरेकडचा वगैरे असेल.

जेवण झालं आणि आबा उठले, आपली प्लेट उचलली आणि नळ शोधत चालू लागले. फौजेतली सवय आहे ती. आपलं ताट आपण विसळायचं. घरीही ते कुणाला उचलू देत नाहीत. पण इथं सगळा हॉल बघायला लागला. कोपऱ्यात उभा असलेला कोटवाला सुपरवायझर मान उंच करून बघू लागला. आमचा वेटर धावत आला. "सर प्लीज, सर, आय विल टेक," असं म्हणत त्यानं प्लेट धरली. आबा सोडेनात. दोघांची ती ओढाताण काही सेकंद चालली आणि मग त्याच्या तोंडून निघालं, "आवं आबा, सोडा की वो! त्यो बघाया लागलाय, माझी नोकरी घालवता का काय!"

आबांनी प्लेट सोडली आणि कंबरेवर हात ठेवले. "कुठला रं तू?"

"आटपाडीकडचा."

"मग मगापासनं विंग्लिश कुणाला ऐकवतोस?"

त्या क्षणापासून आमच्या सहलीचा रंग बदलला. बाकीच्या टेबलांना सूप आणि पास्ता मिळत होता. आम्हाला मिळत होतं, "आबा, ह्यो मासा नगा घिऊ, बर्फातला हाय. आई, तुमास्नी ठेचा करून आणू का? आचारी माझ्या वळखीचा हाय." दुसऱ्या दिवशी खरंच ठेचा आला, चांदीसारख्या वाटीत, वर कोथिंबिरीचं पान लावून. प्रमोदनं तो पावाला लावून इतका खाल्ला की पुढचा अर्धा दिवस त्यानं लक्षद्वीप सोडून खोलीचंच दर्शन घेतलं.

लक्षद्वीपबद्दल मी फार लिहीत नाही, फोटो तुम्ही बघितलेलेच असणार. पाणी तसंच आहे, फोटोत रंग चढवलेला नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर नेतही नाहीत, तेव्हा मनाची तयारी ठेवा. आई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि तळ दिसतोय म्हणून घाबरल्या. आबा होडीवाल्याला डिझेल किती लागतं ते विचारत होते.

पण आबांचा जीव रमला तो जेवणाच्या टेबलावर. रोज बिरा वाढायला आला की त्यांचा पहिला प्रश्न, "तू जेवलास का रं?" तो हसायचा आणि म्हणायचा, "तुमचं झाल्यावर." आबांना ते पटत नसे. फौजेत बडा खाना असतो, त्या दिवशी अफसर जवानांना वाढतात, असं सांगून त्यांनी एकदा बिराच्या हातातला डावच घेतला होता. मी बाही ओढून त्यांना खाली बसवलं.

शेवटच्या संध्याकाळी मी गुलाबी पाकीट काढलं. प्रमोदनं आपलं तुणतुणं लावलंच, "अगं, बिलात लागलंय ना?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाकीट पुढे केलं. बिरानं दोन्ही हात मागे घेतले.

"नगं वैनी."

"अरे, सगळे देतात."

"बाकीच्यांचं घेतो की. न्हाई कशाला म्हणू, त्यावरच तर घर चालतंय. पण आबा रोज जेवलास का इचारत्यात. घरातल्या माणसागत. मग त्यांच्याकडनं वाढायचं पैसं कसं घिऊ?"

आली का पंचाईत! दिले नाहीत तर त्याचं नुकसान, दिले तर त्याचा अपमान. माझ्या आठ-दहा ब्लॉगांपैकी एकातही यावर उपाय नव्हता. उपाय निघाला आईंकडून.

"लेकरं किती तुला?"

"एकच पोरगी. चौथीत हाय."

"मग झालं तर. पोरीच्या खाऊला दे म्हणावं. खाऊला कोण न्हाई म्हणतंय व्हय?"

बिराचा चेहरा खुलला, हात पुढे आला. पण आबांनी मधेच पाकीट उचललं. "खाऊ बापाच्या हातात देत न्हाईत. पोरीच्या हातात देत्यात. आमी जाताना आटपाडीवरनं जाऊ."

मुंबईहून कऱ्हाडला आटपाडीवरनं जाणं म्हणजे कान पकडायला हात डोक्यामागून नेणं. पण आबा बोलले म्हणजे ऑर्डर निघाली. आम्ही बघितलं तर मघाशी खुललेला बिरा पांढरा पडला होता. त्यानं सुपरवायझर लांब आहे याची खात्री केली आणि खाली वाकून बोलला.

"आबा, जावा. पण घरी बोलू नगा मी वाढतो म्हणून. तात्यानं, माझ्या बापानं, निम्मी मेंढरं विकून माझा कोर्स केला. जहाजावर सायब झालोय असं सांगितलंय मी. गावात त्यो तसंच सांगत फिरतोय. त्याला कळलं तर मान खाली जाईल त्याची."

"मी खोटं बोलत न्हाई," आबा म्हणाले. एवढंच. आणि हे खरं आहे. आमच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझ्या वडिलांना प्रमोदची पगाराची स्लिप आणि घोरण्याची सवय, दोन्ही सांगितल्या होत्या.

रात्रभर मला झोप नीट लागली नाही. बिराच्या घरी आबा बोलून बसले तर? ठेचा काय, वाटी काय, सगळ्याची चव गेली होती. सकाळी बोटीवरून उतरताना मी आबांना विनवलं, बिराच्या घरी काही बोलू नका म्हणून. आबांनी बिराच्या खांद्यावर नुसतं थोपटलं.

पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद करत फलटणला आलो. तिथवर सगळीकडे ऊस, त्यामुळे आबांची रनिंग कॉमेंट्री चालू होती. दहिवडी सोडल्यावर ती थांबली. म्हसवड, दिघंचीच्या पुढे माळ, बाभळी आणि मधेच अचानक हिरवंगार डाळिंब. रस्ता बरा आहे, हॉटेलं कमी. पाणी आणि पेट्रोल फलटणलाच भरून घ्या.

आटपाडीच्या अलीकडे एका वाडीत घर सापडलं. पुढं पत्र्याचं छप्पर, बाजूला मेंढरांचा वाडा. तात्या बाहेरच उभे होते. लालभडक पटका, कानात बाळी, आणि आवाज असा की लांबच्या माळावरचं मेंढरू वळावं. बिरानं फोन करून ठेवला होता. मटणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

खाऊचा कार्यक्रम यथासांग झाला. आबांनी नोटा पोरीच्या हातावर ठेवल्या. पोरीनं आईकडे बघितलं, आईनं सासूकडे बघितलं, सासू म्हणाल्या, "आवं, कशाला?", आमच्या आई म्हणाल्या, "असू द्या वो," असं दोनदा झालं आणि मग पोरीनं मूठ मिटली.

जेवायला बसलो. रस्सा ओठ चरचरावा असा. आणि मग जी भीती होती तेच झालं. आजूबाजूची चार माणसं जमली होती. त्यातला एक म्हणाला, "पावणं, आमचा बिरा जहाजावर लय मोठा सायब हाय म्हणं. हाताखाली किती माणसं असतील?"

बिराच्या बायकोचा भाकरी वाढायचा हात थांबला. मी डोळे मिटून घेतले.

आबांनी घास गिळला. "आमच्यासारखी असतील की पंचवीस-तीस. त्यानं बसा म्हटलं का बसायचं. त्यानं खावा म्हटलं का खायाचं. मी सुभेदार माणूस, पण एकदा ताट घिऊन उठलो तर असा ओरडला माझ्यावर, का मुकाट्यानं जाग्यावर येऊन बसलो."

माणसं खूश. "आयला! सुभेदाराला?"

"सुभेदाराला," आबा म्हणाले आणि रस्सा मागितला. एक शब्दही खोटा नव्हता. प्रमोदला ठसका लागला.

हात धुवायला आबा वाड्याकडे गेले, तांब्या घेऊन तात्या मागोमाग. मी टॉवेल द्यायला गेले म्हणून ऐकलं. तात्या हातावर पाणी घालत होते, आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सुभेदार, झकास निभावलं तुमी. पण मला ठावं हाय."

"काय?"

"पोरगं सुट्टीवर आलं का जेवणं झाल्यावर ताटं उचलतंय. एका हातावर चार. एक थेंब सांडत न्हाई. सायबाला ह्ये कुठनं येणार वो?" तात्या हसले. "वाढतंय नव्हं? भुकेल्याच्या ताटात घालतंय, त्यात लाजायचं काय? मेंढरं फुकट गेली न्हाईत माझी. पण त्याला सांगू नगा मला कळलंय म्हणून. फोनवर सायब असल्यागत बोलतंय, तवा लय खुशीत असतंय. ऱ्हाऊ द्या."

आबांनी हात पुसले आणि मान डोलावली.

निघताना आबांना टोपी-टॉवेल, आईंना लुगडं, मला खण, आणि गाडीत डाळिंबांची पाटी. टिप द्यायला जाऊन फायद्यात परत आलेलं आमचं बहुधा एकमेव कुटुंब असेल. वाड्याजवळ ऐकलेलं मी गाडीतच प्रमोद आणि आईंना सांगून टाकलं आणि खरसुंडी, विटा करत घरी पोचलो.

आता मला सगळे विचारतात, क्रूझवर टिप द्यायची का? द्या बाबांनो, बिनधास्त द्या. बिलात लागली असली तरी ज्यानं रोज वाढलं त्याच्या हातात थोडं ठेवा, त्यावर त्यांची घरं चालतात. आणि जेवलास का, एवढंही विचारा. त्याला जीएसटी नाही. नाव आणि वाडीच्या खुणा मी इथं बदलल्या आहेत. कारण उघड आहे.

मागच्या आठवड्यात बोट बंदराला लागली तसा बिराचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झालं, पोरीनं खाऊच्या पैशातून दप्तर घेतल्याचं सांगून झालं. मग तो घुटमळला. "आबा, तात्याला काय कळलं न्हाई न्हवं?"

आम्ही तिघं आबांकडे बघत राहिलो. बडा खाना, बर्फ, बंदूक, सगळं बघितलेला माणूस फोन हातात धरून घाम पुसत होता. मग त्यांनी घसा खाकरला.

"न्हाई रं," आबा म्हणाले. "त्या भोळ्या माणसाला काय कळतंय?"